प्रत्येक यंत्राची साक्ष

१९७४ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) या कंपनीकडे एक अवघड काम आलं. बरोज या अमेरिकी कंपनीची रुग्णालयांच्या कारभारासाठी लिहिलेली एक प्रणाली होती. ती बरोजच्या मध्यम आकाराच्या संगणकांवरच्या कोबॉलमध्ये होती आणि त्याच कंपनीच्या लहान संगणकांवरच्या कोबॉलमध्ये उतरवायची होती. कंपनी एक, भाषेचं नावही एक, तरी एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नव्हता. मुंबईत हाताशी होता तो या दोन्हींपैकी कुठलाच संगणक नव्हे, तर ब्रिटिश बनावटीचा आयसीएल १९०३. फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळींनी सगळं काम त्या तिसऱ्याच यंत्रावर पार पाडलं. टीसीएसची पहिली सॉफ्टवेअर निर्यात म्हणून हे काम ओळखलं जातं. त्यामागचा प्रश्न मात्र सगळ्या जगाचाच होता. जे यंत्र समोर नाही, त्यावर आपला प्रोग्राम नीट चालेल याची खात्री कशी करायची?

हा प्रश्न पडतो कारण संगणक वरून सारखे दिसले तरी आतून सारखे नसतात. मोठी संख्या साठवताना काही प्रोसेसर तिचा मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग. एका बाइटमधलं अक्षर इंटेलच्या यंत्रावर सी भाषेत साधारणतः ऋण-धन चिन्हासह वाचलं जातं. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये चिन्हाविना. काही प्रोसेसरना विशिष्ट पत्त्यावरच माहिती लागते, नाहीतर प्रोग्राम जागच्या जागी कोसळतो. त्यावर कार्यप्रणाली वेगळी, कंपायलर वेगळा, तारखा आणि अक्षरं हाताळणाऱ्या लायब्ररी वेगळ्या. लिहिणाऱ्याच्या टेबलावर तपासून बरोबर ठरलेल्या प्रोग्रामबद्दल एवढंच म्हणता येतं, की तो त्या टेबलावर बरोबर आहे.

मग जगभरच्या लोकांनी कसं निभावलं? बराच काळ विचारपूस करून. याचं चांगलं उदाहरण म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस. १९८६ च्या सुमारास मायकेल स्टोनब्रेकर यांनी कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात तो सुरू केला आणि १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेसक्यूएल झालं. तेव्हापासून तो जगभरचे स्वयंसेवक आणि कंपन्यांचे अभियंते मिळून वाढवत आले आहेत. नवी आवृत्ती काढायची वेळ आली की चौकशी सुरू होई: कोणाकडे सोलारिस आहे, कोणाकडे एचपी-यूएक्स, कोणाकडे अल्फा? ज्याच्याकडे असेल त्याने कोड उतरवून कंपाइल करायचा, चाचण्या चालवायच्या आणि निकाल कळवायचा. तेव्हाच्या माहितीपुस्तिकांत एक तक्ताच छापलेला असे. त्यात यंत्र, कार्यप्रणाली, तपासणी कोणत्या आवृत्तीवर झाली, कोणत्या तारखेला आणि कोणी केली, हे सगळं असे. काही ओळींत मागच्या आवृत्तीचीच नोंद तशीच राहिलेली असायची, कारण मधल्या काळात ते यंत्र बाळगणारं कोणी पुढे आलेलं नसायचं.

या पद्धतीतलं मोठं दुखणं वेळेचं होतं. चूक जानेवारीत शिरायची आणि सापडायची सप्टेंबरात, आवृत्ती तोंडावर आल्यावर. मधे शेकडो बदल होऊन गेलेले. त्यांतल्या नेमक्या कोणत्या बदलाने एचपीच्या यंत्रावर घोटाळा केला, हे शोधण्यात दिवसच्या दिवस जात.

१९९८ हे या गोष्टीतलं वळणाचं वर्ष. ३१ मार्च १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड जगासाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. त्याबरोबर कंपनीतली टिंडरबॉक्स नावाची व्यवस्थाही लोकांसमोर आली. ती म्हणजे एक भला मोठा तक्ता होता. प्रत्येक यंत्राला एक स्तंभ, वेळ उभ्या दिशेने, आणि प्रत्येक चौकोनाला रंग. हिरवा म्हणजे कोड कंपाइल झाला आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या. पिवळा म्हणजे काम चालू आहे. नारिंगी म्हणजे कंपाइल झाला पण चाचणी फसली. लाल म्हणजे कंपाइलच झाला नाही. बाजूलाच त्या वेळेत कोणी कोणता बदल केला त्याची नावं. त्या दिवसाची राखण एका माणसाकडे असे. तक्ता लाल झाला की नवे बदल थांबवायचे आणि आधी आग विझवायची. चूक शिरल्यापासून काही तासांत ती चारचौघांत दिसू लागली.

त्याच वर्षी पर्ल भाषेच्या मंडळींनी सीपॅन टेस्टर्स सुरू केलं. सीपॅन हे पर्लचं सामुदायिक भांडार प्रचंड, लेखक शेकडो, आणि पर्ल चालत नाही असा संगणक तेव्हा शोधूनच काढावा लागे. स्वयंसेवक आपापल्या यंत्रावर नवा भाग उतरवून त्याच्या चाचण्या चालवत आणि पास की नापास ते कळवत. डेबियन लिनक्सने हीच गोष्ट आणखी मोठ्या पटावर केली. लेखक आपल्या एका यंत्रावर पॅकेज तयार करी. बाकीच्या प्रोसेसरांसाठी ते पुन्हा बांधून काढण्याचं काम आपोआप चालणारी बिल्ड-यंत्रं करत. २००२ मध्ये आलेली डेबियनची ३.० ही आवृत्ती ११ प्रकारच्या यंत्ररचनांसाठी एकाच वेळी प्रसिद्ध झाली. विचारपूस करून एवढं कधी जमलं नसतं.

पुण्यातही या काळात अशा कामाचा एक धागा विणला जात होता. केपीआयटी कमिन्स कंपनीचे अभियंते हिताची आणि पुढे रेनेसास कंपनीच्या छोट्या प्रोसेसरांसाठी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे कंपायलर तयार करून ते मोफत देत. हे काम दुहेरी अवघड. कंपायलर चालणार विंडोज किंवा लिनक्सवर, पण त्यातून निघणारा प्रोग्राम चालणार एखाद्या उपकरणातल्या एसएच किंवा एच८ चिपवर. म्हणजे तपासणी दोन्ही टोकांना करायची. ग्नू मंडळींच्या डेजाग्नू या चाचणी-व्यवस्थेत पास आणि नापास यांच्याशिवाय आणखीही निकाल असतात, त्यांतले दोन महत्त्वाचे: अपेक्षेप्रमाणे नापास आणि अनपेक्षितपणे पास. या चार खान्यांमागे मोठं शहाणपण आहे. जे मोडलेलं आहे हे ठाऊक आहे त्याची नोंद स्वच्छ ठेवली, तरच नवं काय मोडलं ते दिसतं.

पोस्टग्रेसवर खरी वेळ आली २००४ मध्ये. ८.० या आवृत्तीत तो पहिल्यांदाच थेट विंडोजवर चालणार होता. तोवर विंडोजवर त्याला सिग्विन या युनिक्ससारखं वातावरण पुरवणाऱ्या थराचा आधार घ्यावा लागे. बहुतेक मूळ प्रोग्रामर युनिक्सवाले. त्यांच्या घरी विंडोजचं यंत्र नाही, असलं तरी त्यावर कंपायलर नाही. युनिक्सवर निर्धास्तपणे केलेला बदल विंडोजवर काय करील हे कोणाला कळणार? त्या वर्षी अँड्र्यू डन्स्टन यांनी पोस्टग्रेसचा बिल्डफार्म उभा केला.

त्याची रचना साधी ठेवली, म्हणूनच ती टिकली असं म्हणावं लागेल. मध्यवर्ती सर्व्हर काहीच कंपाइल करत नाही. जगात कुठेही कोणीही आपलं यंत्र नोंदवावं. त्याला एखाद्या प्राण्याचं नाव आणि एक गुप्त चावी मिळते. त्या यंत्रावर पर्लमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्राम ठरावीक वेळी जागा होतो. कोडमध्ये बदल झाला असेल तर तो उतरवून घेतो, कंपाइल करतो, तात्पुरता डेटाबेस उभा करतो आणि चाचण्यांचे प्रश्न त्याला विचारतो. आलेली उत्तरं अपेक्षित उत्तरांशी ओळ न् ओळ ताडून पाहतो आणि निकाल चावीनिशी सही करून धाडतो. नापास झाला तर कोणत्या टप्प्यावर, कोणत्या ओळीत फरक पडला, तेही सोबत. सगळे निकाल एका फलकावर कोणालाही पाहता येतात, आणि ते साठवले जातात पोस्टग्रेसमध्येच.

प्राण्यांची ही जत्रा पाहण्यासारखी होती. टॉम लेन हे पोस्टग्रेसच्या सर्वांत ज्येष्ठ प्रोग्रामरांपैकी एक. त्यांनी एचपीचं एक जुनं यंत्र ‘गौर’ (गवा) या नावाने कित्येक वर्षं चालू ठेवलं होतं. कोणी आयबीएमच्या एआयएक्सवर निकाल काढत होतं, कोणी स्पार्कवर ओपनबीएसडी चालवत होतं. काही यंत्रं मुद्दाम संथ ठेवलेली असतात. ती दर पावलाला आतला साठा पुसून टाकतात किंवा व्हॅलग्रिंड नावाच्या तपासनीसाखाली सगळा प्रोग्राम चालवतात, म्हणजे एरवी नशिबाने लपून राहणारी चूक वर येते. काही वर्षांतच माहितीपुस्तिकेतला तो जुना नावांचा तक्ता गेला. त्याजागी एक व्याख्या आली: ज्या यंत्रावर कोड नुकताच कंपाइल होऊन चाचण्या उत्तीर्ण झाला आहे, ते यंत्र आधार असलेलं. ही व्याख्या अतिशय प्रामाणिक आहे. आश्वासन कोणीच देत नाही. ताजा निकाल असेल तर तो दाखवता येतो.

या व्यवस्थेवर विसंबून केलेलं एक मोठं काम महाराष्ट्रातलं आहे. पवन देवळसी एंटरप्राइझडीबी कंपनीत होते, आणि या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयाने पोस्टग्रेसला बरेच हात दिले आहेत. पोस्टग्रेसमध्ये एखादी नोंद बदलली की जुनी खोडली जात नाही. तिची नवी प्रत लिहिली जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या एखाद्या जिनिंग गिरणीने शेतकऱ्याच्या खात्यावरची शिल्लक हंगामात ५० वेळा बदलली, तर ५० प्रती. शिवाय नाव, गाव, खातेक्रमांक अशा प्रत्येक अनुक्रमणिकेतही दर वेळी नवी नोंद, जरी नाव-गाव बदललेलं नसलं तरी. डेटाबेस फुगत जाई आणि मंदावे. देवळसी यांनी मांडलेल्या ‘हॉट’ या पद्धतीत, अनुक्रमणिकेतला कोणताही स्तंभ बदललेला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी प्रत जुनीला साखळीने जोडली जाते. अनुक्रमणिकेला हात लावावा लागत नाही.

हा बदल थेट डेटाबेसच्या काळजाला हात घालणारा होता. डिस्कवरच्या पानाची मांडणी, त्यातले दुवे, एकाच वेळी वाचणारे आणि लिहिणारे, सगळंच त्यात गुंतलेलं. अनेकांच्या चर्चेतून आणि दुरुस्त्यांतून गेल्यावर सप्टेंबर २००७ मध्ये टॉम लेन यांनी तो मुख्य कोडमध्ये घेतला. तिथून पुढे निरनिराळ्या देशांतली निरनिराळ्या बांधणीची यंत्रं आपापल्या वेळापत्रकाने तो उतरवून घेऊ लागली. ४ फेब्रुवारी २००८ रोजी ८.३ आवृत्ती आली. तिच्या प्रकाशन-टिपणात या सुधारणेपुढे पवन देवळसी यांचं नाव आहे, आणि अनेकांच्या कल्पनांचा हातभार लागल्याचाही उल्लेख आहे. पुण्यातल्या एका प्रोग्रामरचं काम जगभरच्या नाना तऱ्हेच्या यंत्रांवर विश्वासाने पोचलं, यात या मूक साक्षीदारांचा वाटा मोठा आहे.

पण हिरवा रंग म्हणजे निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र नव्हे, हेही देवळसी यांच्याच नावाभोवती घडलेल्या दुसऱ्या प्रसंगातून दिसतं. चालू डेटाबेस न थांबवता नवी अनुक्रमणिका बांधायची सोय पोस्टग्रेसमध्ये आहे. त्या बांधणीच्या वेळीच कोणी नोंदी घातल्या किंवा बदलल्या, तर क्वचित त्या अनुक्रमणिकेत चुकीच्या उतरत. फलक हिरवाच राहिला होता, कारण त्या नेमक्या क्षणाची गाठ घालणारी चाचणी कोणी लिहिलेली नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९.२ पासून ९.६ पर्यंतच्या सगळ्या चालू आवृत्त्यांची दुरुस्ती एकदम निघाली. ती देवळसी आणि लेन यांच्या नावावर आहे. यंत्रं विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं देतात. प्रश्न कोणते विचारायचे, ते माणसांनाच ठरवावं लागतं.

अशा विचारायच्या प्रश्नांपैकी यवतमाळ जिल्ह्याला सर्वांत जवळचा प्रश्न अक्षरांच्या क्रमाचा आहे. राळेगाव आणि त्याच तालुक्यातलं, सीतामंदिरामुळे प्रसिद्ध असलेलं रावेरी, ही दोन नावं यादीत लावा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर, म्हणून आधी रावेरी, मग राळेगाव. सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या तक्त्यात मात्र ‘ळ’ बसवला आहे ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी. निव्वळ सांकेतिक क्रमांक पाहणारं यंत्र राळेगाव आधी लावील. वर्णमाला पाळणारं यंत्र रावेरी आधी लावील. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आणि दोघांची यादी वेगळी. कळंब आणि कवठा यांचंही तसंच.

यादी पुढेमागे झाल्याने काय बिघडतं, असं वाटू शकेल. बिघडतं ते शोधात. डेटाबेसची अनुक्रमणिका लावलेल्या क्रमावरच उभी असते. शोधताना यंत्र मधलं पान उघडतं, हवं ते नाव आधी की नंतर हे ठरवतं आणि अर्धा भाग सोडून देतं. लावताना एक क्रम आणि शोधताना दुसरा असेल, तर ते चुकीच्या अर्ध्यात शिरतं. नोंद असते, पण सापडत नाही. सापडत नाही म्हणून तीच नोंद दुसऱ्यांदा घालू दिली जाते.

ऑगस्ट २०१८ मध्ये हे साऱ्या जगाच्या वाट्याला आलं. लिनक्सच्या मूळ लायब्ररीची, ग्लिबसीची, २.२८ आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरक्रमाचे नियम नव्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार बदलले. इंग्रजी आकड्यांत लिहिलेले ‘१-१’ आणि ‘११’ यांचा क्रमसुद्धा उलटला. जमिनीचे गट क्रमांक हाताळणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढच्या वर्षी डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ यांतून हा बदल घरोघर पोचला. ज्यांनी कार्यप्रणाली बदलून जुना डेटाबेस तसाच पुढे चालवला, त्यांच्या अनुक्रमणिका न बोलता नासल्या.

बिल्डफार्मला हे का दिसलं नसतं? कारण तो प्रत्येक फेरीत नवा डेटाबेस उभा करतो आणि तपासून मोडतो. जुन्या लायब्ररीखाली लावलेला डेटा नव्या लायब्ररीखाली कसा वागतो, हा प्रश्न त्या फेरीत येतच नव्हता. पोस्टग्रेसने नंतर बऱ्याच वाटा काढल्या. २०१७ च्या १० या आवृत्तीपासून आयसीयू या स्वतंत्र लायब्ररीचा क्रम वापरायची सोय होतीच. पुढच्या आवृत्त्यांत अक्षरक्रमाची आवृत्ती नोंदवून ती बदलल्यास इशारा देणं आलं, आणि २०२४ मध्ये १७ या आवृत्तीत कार्यप्रणालीवर न विसंबणारा अंगचा क्रम आला. तो अंगचा क्रम सांकेतिक क्रमांकाचा आहे. यंत्र बदललं तरी तो बदलत नाही, पण त्यात राळेगाव आधीच येणार. मराठी वर्णमालेचा क्रम हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो आणि प्रत्येक यंत्रावर तपासावा लागतो.

एका बाइटच्या चिन्हाचा तो जुना घोळही देवनागरीलाच अधिक भोवणारा आहे. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या वर जात नाहीत, त्यामुळे चिन्ह असलं काय नसलं काय, फरक पडत नाही. आपलं ‘क’ युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवण-पद्धतीत २२४, १६४, १४९ असं साठतं. चिन्हासह वाचणाऱ्या यंत्राला तेच आकडे उणे ३२, उणे ९२, उणे १०७ दिसतात. पोस्टग्रेसमध्ये शब्दांच्या तुकड्यांवरून शोधणारी एक अनुक्रमणिका आहे. तिच्या पोटात हा फरक शिरत होता, म्हणजे इंटेलवरचा डेटा एआरएमवर नेला तर क्रम वेगळा. २०२५ मध्ये आलेल्या १८ या आवृत्तीत हे चिन्ह डेटाबेसमध्येच नोंदवून ठेवायची व्यवस्था झाली. फक्त इंग्रजीवर चाचण्या घेणाऱ्याला ही चूक दिसणंच शक्य नव्हतं.

निकाल सतत डोळ्यांखालून घालण्याची सवय किती लांबवर उपयोगी पडते, ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. पोस्टग्रेसचे प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांना एका लिनक्स यंत्रावर दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांत व्हॅलग्रिंडने केलेली एक विचित्र तक्रार त्यांच्या लक्षात होती. दोन्ही धागे जुळवत ते एक्सझेड या साध्या संकोचन-लायब्ररीपाशी पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. २९ मार्चला त्यांनी तो जगापुढे मांडला, आणि असंख्य सर्व्हरांवर पसरण्याआधीच ती चोरी थांबली.

आज चित्र बरंच बदललं आहे. बदल मुख्य कोडमध्ये येण्याआधीच भाड्याच्या सर्व्हरांवर चार-पाच कार्यप्रणालींत तपासला जातो. पोस्टग्रेसमध्येही २०२१ नंतर ही सोय रुळली. जुनी यंत्रंही कमी झाली. २०२३ च्या १६ या आवृत्तीने एचपी-यूएक्सला निरोप दिला, २०२४ च्या १७ ने एआयएक्सला. तरी बिल्डफार्म संपलेला नाही, आणि संपूही नये. भाड्याचे सर्व्हर एका साच्याचे असतात. विचित्र कंपायलर, स्वस्तातला एआरएम बोर्ड, अनोळखी भाषेची मांडणी ही साक्ष अजूनही कोणाच्या तरी टेबलावरून येते.

त्या टेबलांपैकी एक यवतमाळ जिल्ह्यात असायला हरकत नाही. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून आहे, यवतमाळचं जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून. प्रयोगशाळेतला एक जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय, त्यावर लिनक्स, एक कंपायलर आणि पर्ल ही मुख्य गरज. वीज गेली तर फेरी चुकते, बिघडत काही नाही; दिवसाला एक निकाल गेला तरी तो मोजला जातो. चाचण्या कोणत्या भाषेच्या मांडणीत (लोकेलमध्ये) घ्यायच्या, हे यंत्राच्या मालकाने ठरवायचं असतं. तिथे मराठीची मांडणी निवडावी आणि ‘ळ’सारख्या अक्षरांच्या नव्या चाचण्या लिहून पाठवाव्यात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी हे मनावर घ्यावं. नोंदणीच्या अर्जात यंत्र, कार्यप्रणाली, कंपायलर आणि संपर्क एवढंच विचारतात, आणि त्यासाठी शुल्क नाही.